स्वस्तात मिळालेली वेळ

रविवारी सकाळी पुण्यात माझ्या वयाची माणसे टेकडीवर तरी असतात, नाहीतर नातवंडांना कुठल्या ना कुठल्या वर्गाला सोडून बाहेर स्कूटरवर पेपर वाचत बसलेली असतात. मी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात असतो. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या या बाजारात गंजलेले पाने, तुटके कॅमेरे, पितळी कुलुपे, कुणाच्या तरी घरातून निघालेले देवघरातले तबक, असा सगळा पसारा सतरंज्यांवर मांडलेला असतो. त्यातल्याच एखाद्या सतरंजीच्या कोपऱ्यात, प्लास्टिकच्या डब्याच्या झाकणात, दहा-पंधरा मनगटी घड्याळे पडलेली असतात. बहुतेक बंद. कुणाला पट्टा नाही, कुणाला काच नाही, एखाद्याला एकच काटा. त्या झाकणापुढे मी उकिडवा बसतो. गुडघे कुरकुरतात, पण हात आपोआप पुढे जातो.

बँकेत पस्तीसेक वर्षे काढल्यावर माणसाला दोन सवयी लागतात. कागद उलटून मागची बाजू पाहण्याची, आणि समोरच्याला नक्की काय हवे आहे याचा अंदाज घेण्याची. जुन्या घड्याळांच्या बाजारात या दोन्ही सवयी उपयोगी पडतात. कादंबऱ्या लिहिण्याच्या दुसऱ्या उद्योगाने आणखी एक खोड लावली आहे: हे घड्याळ कुणाच्या मनगटावर होते, याचा विचार करत बसण्याची. ही तिसरी खोड मात्र सौदा करताना आड येते. ती कशी आड आली, तेही आज सांगायचे आहे.

गेल्या पाच-सहा वर्षांत त्या झाकणापुढची गर्दी वाढली आहे. पूर्वी तिथे मी, एक-दोन दुरुस्तीवाले कारागीर आणि एखादा हौशी प्राध्यापक एवढेच असू. आता पंचविशीतली मुले येतात. आयटीत काम करणारी, हातात हजारोंचा मोबाइल असणारी. ती घड्याळाचा फोटो काढतात, दोन मिनिटांत त्याची कुंडली मांडतात आणि विचारतात, ''काका, हे मशीन ओरिजिनल आहे का हो?'' ज्या पिढीला वेळ पाहण्यासाठी घड्याळाची गरजच उरलेली नाही, ती पिढी चावीच्या घड्याळांच्या मागे लागली आहे. हे वेड आहे, गुंतवणूक आहे, की आणखी काही? प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. त्यात आपल्या गेल्या साठ वर्षांच्या अर्थव्यवस्थेचा बराच इतिहास दडलेला आहे.

माझ्या लहानपणी घड्याळ ही वस्तू नव्हती, पायरी होती. मॅट्रिक झाले की, नोकरी लागली की, लग्न ठरले की मनगटावर घड्याळ येई. वरपक्षाच्या यादीत सायकल आणि ट्रान्झिस्टरच्या बरोबरीने घड्याळ असे आणि ते कोणत्या कंपनीचे, यावरून रुसवेफुगवे होत. चांगले घड्याळ म्हणजे परदेशी घड्याळ. वेस्ट एंड वॉच कंपनीचे 'सोवार प्राइमा', फावर-ल्यूबा, रोमर, ओमेगा ही नावे आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी क्रिकेटपटूंच्या नावांसारखी असत. आयातीवर कडक बंधने होती. त्यामुळे सोन्याच्या बिस्किटांबरोबर आणि ट्रान्झिस्टरबरोबर घड्याळेही चोरट्या मार्गाने पश्चिम किनाऱ्यावर उतरत. साठ-सत्तरच्या दशकांतल्या तस्करीच्या सगळ्या कहाण्यांत घड्याळांची पेटी आहेच.

या पार्श्वभूमीवर १९६१ साली सरकारी मालकीच्या हिंदुस्थान मशीन टूल्सने, म्हणजे एचएमटीने, जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगलोरला मनगटी घड्याळांचे उत्पादन सुरू केले. यंत्रे बनवण्यासाठी १९५३ मध्ये निघालेला हा कारखाना घड्याळांकडे वळला आणि बघता बघता देशाच्या मनगटावर जाऊन बसला. जनता, पायलट, सोना, कोहिनूर, कांचन ही मॉडेलची नावे घरातल्या माणसांसारखी झाली. पुढे तुमकूरला कारखाना निघाला, नैनितालजवळ राणीबागला निघाला, श्रीनगरलाही निघाला. कंपनीने आपल्या आयुष्यात दहा कोटींहून अधिक घड्याळे बनवली. माझ्या वडिलांनी मला बारावीनंतर 'जनता' घेऊन दिले, ते मिळवण्यासाठी त्यांना बंगलोरला राहणाऱ्या मावसभावाला तीन पत्रे लिहावी लागली होती. वस्तू स्वदेशी, किंमत परवडणारी, पण मिळायची मात्र ओळखीने. त्या अर्थव्यवस्थेचे याहून चांगले वर्णन मला आजही करता येत नाही.

मग काळाने उडी घेतली. खरे तर ती १९६९ च्या नाताळातच घेतली होती. जपानच्या सेको कंपनीने ॲस्ट्रॉन हे पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणले. त्याची किंमत साडेचार लाख येन, म्हणजे तेव्हाच्या एका मोटारीएवढी होती. दहा वर्षांत हेच तंत्र इतके स्वस्त झाले, की स्वित्झर्लंडसारख्या देशाचे कंबरडे मोडले. १९७० च्या सुमारास तिथल्या घड्याळ उद्योगात नव्वद हजारांच्या आसपास माणसे कामाला होती. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर तीस-पस्तीस हजार उरली. आपल्याकडे हा धक्का उशिरा आला. टाटा समूह आणि तमिळनाडू सरकारचे औद्योगिक विकास महामंडळ यांच्या भागीदारीतून १९८४ मध्ये टायटन कंपनी स्थापन झाली आणि १९८७ पासून होसूरच्या कारखान्यातली देखणी क्वार्ट्झ घड्याळे झगमगत्या दुकानांतून आणि मोझार्टच्या सुरावटीवरच्या जाहिरातींतून घराघरांत पोचली. एचएमटीनेही क्वार्ट्झ घड्याळे काढली होती, पण तिचा जीव चावीच्या घड्याळांत अडकलेला होता. तोटा वाढत गेला. अखेर जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करण्याच्या निर्णयावर शिक्कामोर्तब केले.

आणि इथून आपली आजची गोष्ट सुरू होते. कारखाना बंद होणार अशी बातमी २०१४ मध्ये आली, त्याबरोबर ज्या घड्याळांकडे कुणी ढुंकून पाहत नव्हते त्यांना मागणी आली. जे आता पुन्हा बनणार नाही ते जपावे, अशी माणसाची वृत्तीच असते. ड्रॉवरच्या तळाशी पडलेली वडिलांची घड्याळे बाहेर निघाली. दोन-तीनशे रुपयांना मिळणारे 'जनता' दीड-दोन हजारांवर गेले. जगभरही हेच चालले होते. करोनाच्या काळात घरी बसलेल्या आणि हाती पैसा खेळणाऱ्या मंडळींनी जुन्या स्विस घड्याळांचे भाव आकाशाला भिडवले. २०२२ च्या मध्यानंतर ते उतरले, पण बाजार राहिला. तो इतका राहिला, की जुन्या मालाकडे आजवर न पाहणाऱ्या रोलेक्स कंपनीने डिसेंबर २०२२ पासून स्वतःच्याच वापरलेल्या घड्याळांना प्रमाणपत्र देऊन ती अधिकृत दुकानांतून विकायला सुरुवात केली.

प्रमाणपत्राची गरज का पडावी? याचे उत्तर अर्थशास्त्रात आहे. अमेरिकेतले अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक छोटा निबंध लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. विकणाऱ्याला गाडीचे दोष माहीत असतात, घेणाऱ्याला नसतात. त्यामुळे घेणारा प्रत्येक गाडीकडे संशयाने बघतो आणि चांगल्या गाडीचाही पुरा भाव द्यायला तयार होत नाही. मग चांगल्या गाडीचा मालक म्हणतो, या भावाला मी विकतच नाही. तो बाजारातून निघून जातो आणि बाजारात खटारा गाड्याच उरतात. या विचाराबद्दल २००१ मध्ये त्यांना दोघांबरोबर विभागून नोबेल मिळाले. हा निबंध मी नोकरीत असताना वाचला होता. तो समजला मात्र मुंबईत, घड्याळ घेताना.

झाले असे, की एका दुकानात मला फावर-ल्यूबाचे 'सी चीफ' दिसले. निळीशार तबकडी, चकचकीत काटे, नवा पट्टा. दुकानदार म्हणाला, ''साब, अनयूज्ड है. पुराना स्टॉक.'' मी घासाघीस करून साडेतीन हजारांना घेतले आणि पुण्याला येईपर्यंत डेक्कन क्वीनमध्ये दहादा मनगट फिरवून पाहिले. दुसऱ्या दिवशी माझ्या नेहमीच्या घड्याळजीकडे गेलो. सदाशिव पेठेत जिन्याखालच्या चार फुटांत बसणारे हे गृहस्थ माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठे. त्यांनी डोळ्याला भिंग लावले, मागचे झाकण उघडले, पुन्हा लावले आणि म्हणाले, ''साहेब, मशीन खरं आहे. बाकी सगळं गेल्या दिवाळीचं आहे.''

जाणकार मंडळी अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात. जुने मशीन घ्यायचे, त्याची खराब झालेली तबकडी घासून नव्या रंगाने रंगवायची, नाव पुन्हा छापायचे, दुसऱ्याच कुठल्या घड्याळाचे काटे बसवायचे, केसला नवा मुलामा द्यायचा. कंपनीने जन्मात न काढलेल्या नारिंगी, जांभळ्या, पोपटी रंगांची 'पायलट' घड्याळे बाजारात दिसतात, ती याच कारखान्यातली. भिंगातून पाहिले की अक्षरांच्या कडा फुटलेल्या दिसतात, मिनिटांच्या खुणा एकमेकींपासून सारख्या अंतरावर नसतात, तबकडीच्या तळाशी सहाच्या आकड्याजवळ 'स्विस मेड' हवे तिथे काहीच नसते किंवा ते वाकडे असते. काटे पिवळट आणि तबकडी कोरी करकरीत, असे असेल तर दोघांचे लग्न नंतर लागले आहे हे ओळखावे. चावी दिल्यावर ती अडखळत असेल, मशीनच्या स्क्रूंची डोकी खरवडलेली असतील, तर बरेच हात फिरले आहेत असे समजावे. हे सगळे मला आता माहीत आहे. साडेतीन हजार रुपये ही त्याची फी.

गंमत अशी, की हे रंगकाम करणाऱ्या कारागिरांना मी मनातून दोष देऊ शकत नाही. पन्नास वर्षांपूर्वी ऊन-पावसाने डाग पडलेली तबकडी नवी करून देणे ही सरळ सेवा होती. माणसे स्वतःहून घड्याळ देत आणि नवे करून नेत. जुनेपणालाच किंमत येईल हे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हते. फसवणूक रंगवण्यात नाही. रंगवलेले घड्याळ न रंगवलेले म्हणून विकण्यात आहे. दुकानदाराने 'तबकडी नवी आहे' एवढे तीन शब्द सांगितले असते तर मी ते हजार रुपयांना घेतले असते आणि आम्ही दोघेही सुखी झालो असतो. अकरलॉफ यांचा सिद्धान्त शेवटी या न उच्चारलेल्या तीन शब्दांचाच आहे.

हा अनुभव मी मित्रांना बरीच वर्षे रंगवून सांगत असे. त्यात फसलेला मी होतो आणि फसलेल्या माणसाला बोलायचा हक्क असतो. दुसरा अनुभव मी फारसा कुणाला सांगितलेला नाही.

२०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, बँकेतला माझा एक जुना सहकारी गेला. आम्ही दोघांनी एका शाखेत सहा वर्षे शेजारी टेबले लावून काढली होती. लाट ओसरल्यावर, दिवाळीच्या आधी, त्याच्या पत्नीचा फोन आला. ''भावजी, यांच्या कपाटात जुनी घड्याळं निघालीत. तुम्हाला त्यातलं कळतं म्हणून विचारते. भंगारवाला तिन्हीचे मिळून पाचशे म्हणतोय.'' मी गेलो. वहिनींनी चहा टाकला आणि रुमालात गुंडाळलेली घड्याळे पुढे ठेवली. एक एचएमटी जनता, एक पायलट, आणि तिसरे ओमेगाचे सीमास्टर. साठच्या दशकातले. सासऱ्यांनी एडनला नोकरीत असताना घेतले होते, असे त्या म्हणाल्या. तबकडी मूळची होती, वयाने थोडी पिवळसर झालेली. मागच्या झाकणावर सासऱ्यांची आद्याक्षरे कोरलेली. बाजारात त्याला चाळीस हजारांच्या आसपास सहज मिळाले असते, हे मला रुमाल उघडताच कळले होते.

मी काय केले? मी म्हणालो, ''वहिनी, भंगारात देऊ नका. मीच घेतो तिन्ही. तीन हजार देतो.'' त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. ''तुम्हीच म्हणून एवढे देताय,'' त्या म्हणाल्या. मी नोटा मोजून दिल्या आणि जिना उतरलो.

यात मी खोटे एक अक्षरही बोललो नव्हतो, हे लक्षात घ्या. भंगारवाल्याच्या सहापट पैसे दिले होते. पेन्शनीत काटकसर करणाऱ्या माणसाने छंदापायी एक सौदा साधला होता. ज्यांना जुन्या वस्तूंचा नाद आहे ती मंडळी अशाच गोष्टी एकमेकांना अभिमानाने सांगतात: अमक्याच्या माळ्यावर, तमक्या विधवेकडे, कवडीमोलाने. 'घबाड' या शब्दातच दुसऱ्याला ठाऊक नसणे गृहीत धरलेले आहे. घड्याळजींनी झाकण उघडले, मशीन पाहिले, म्हणाले, ''अस्सल आहे. केवढ्याला?'' मी सांगितले. ते पुढे काही बोलले नाहीत. एरवी ते बोलके आहेत.

बँकेच्या सीएआयआयबी परीक्षेसाठी आम्हाला १८७२ चा भारतीय करार कायदा पाठ करावा लागे. त्यातल्या १७ व्या कलमात फसवणुकीची व्याख्या आहे आणि तिथे एक स्पष्टीकरण आहे: नुसते गप्प राहणे ही फसवणूक होत नाही, मात्र परिस्थितीमुळे बोलणे हे कर्तव्य ठरत असेल तर होते. कायद्यात उदाहरण घोड्याचे दिले आहे. घोडा सदोष आहे हे ठाऊक असूनही मालकाने तो लिलावात विकला आणि काही बोलला नाही, तर ती फसवणूक नव्हे. पण घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर नात्यामुळेच सांगणे हे त्याचे कर्तव्य होते. कायद्यातला बाप विकणारा होता आणि मी घेणारा. पण नाते दोन्हीकडे होते. माझ्यावर खटला उभा राहिला असता असे मला म्हणायचे नाही. परंतु दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या कायदा करणाऱ्याला जे दिसले, ते मला वहिनींच्या दिवाणखान्यात दिसले नव्हते, एवढे खरे.

दुसरे कलम आठवले ते १७६. सोनेतारण कर्जात ज्याच्याशी माझा रोजचा संबंध. कर्ज फिटले नाही तर बँक नोटीस देऊन तारण विकू शकते. पण विकून येणे रकमेपेक्षा जास्त पैसे आले, तर वरची रक्कम कर्जदाराला परत द्यावी लागते. १९८२ च्या गिरणी संपानंतर लालबाग-परळ भागात माझी नेमणूक होती. अडीच लाख कामगार घरी बसलेले. बायका पाटल्या, मंगळसूत्रे घेऊन काउंटरला येत. त्यातली किती सुटली आणि किती नाही, हे आठवायला नको वाटते. पण लिलावानंतरची वरची रक्कम, मग ती सत्तावीस रुपये का असेना, आम्ही खातेदाराला पत्र पाठवून नेऊन देत असू. ते पैसे आपले नाहीत, याबद्दल शाखेत कुणाला शंका नसे. तीच सवय असलेला माणूस पस्तीस वर्षांनंतर एका मित्राच्या घरातून सदतीस हजारांची वरची रक्कम खिशात घालून जिना उतरला होता.

दोन आठवडे ते घड्याळ माझ्याकडे होते. रात्री चावी देऊन उशाशी ठेवत असे. मग एके दिवशी पाकिटात पस्तीस हजार घालून वहिनींकडे गेलो आणि सांगितले, की चौकशी केली, घड्याळ भारी निघाले, हे तुमचे पैसे. वहिनींनी पाकिटाकडे पाहिले नाही. त्यांनी विचारले, ''भावजी, त्या दिवशी तुम्हाला माहीत होतं?''

'चौकशी केली' हे माझे पहिले खोटे होते आणि त्यांनी ते तिथेच पकडले. मी हो म्हणालो. त्या आत गेल्या, तीन हजार घेऊन आल्या आणि म्हणाल्या, ''पैसे राहू द्या. घड्याळं परत द्या. तिन्ही.'' मी दुसऱ्या दिवशी नेऊन दिली. त्यांनी रुमाल उघडून मोजून घेतली. बरोबर केले. आजही भेटल्या तर बोलतात, चहा विचारतात. कपाटातले काही मात्र दाखवत नाहीत.

आता या खासगी गोष्टीतून सार्वजनिक मुद्द्याकडे येतो. मोबाइलमुळे जुन्या बाजारातले गुपित संपले, असे म्हणतात. घेणाऱ्यापुरते ते खरे आहे. पंचविशीतला तो मुलगा भाव, मॉडेल, खोट्याच्या खुणा, सगळे दोन मिनिटांत शोधतो. ग्राहक म्हणून त्याच्या पाठीशी २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदाही आहे. पण या बाजारातला माल येतो कुठून? तो येतो घरे मोडताना. वाडे पाडून इमारती होताना, मुले परदेशी गेल्यावर, कुणी गेल्यावर कपाटे रिकामी करताना. तिथे विकणारा बहुधा म्हातारा किंवा एकटी बाई असते, घाई असते, आणि समोर माहीतगार माणूस असतो. अकरलॉफ यांच्या बाजारात अज्ञान घेणाऱ्याकडे होते. इथे ते विकणाऱ्याकडे आहे. ग्राहकाचा कायदा घेणाऱ्यासाठी आहे. विकणाऱ्याच्या बाजूने उभे राहणारे कुणी नाही.

आणखी एक विषमता पाहा. २०१७ मध्ये अभिनेते पॉल न्यूमन यांचे रोलेक्स डेटोना न्यूयॉर्कच्या लिलावात एक कोटी सत्याहत्तर लाख डॉलरांच्या वर गेले. त्याच्या मागच्या झाकणावर त्यांच्या पत्नीने 'गाडी जपून चालव' अशा अर्थाचे शब्द कोरून घेतले होते. त्या शब्दांनी किंमत वाढली. आपल्या जुन्या बाजारात उलट आहे. झाकणावर 'अमुक कारखाना, २५ वर्षे सेवेबद्दल' असे कोरलेले असेल तर सतरंजीवाला स्वतःच म्हणतो, ''काका, मागं नाव आहे, शंभर कमी द्या.'' काही विक्रेते तर नाव घासून काढतात. पंचवीस वर्षे पाळ्या करून मिळवलेले नाव पाच मिनिटांच्या पॉलिशमध्ये जाते, कारण त्याने भाव पडतो.

पुढचे दिवस कसे दिसतात? भारत आणि स्वित्झर्लंडसह चार युरोपीय देशांच्या गटाचा व्यापार करार मार्च २०२४ मध्ये झाला आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून तो अमलात आला. त्यानुसार स्विस घड्याळांवरचे आयात शुल्क सात वर्षांत टप्प्याटप्प्याने जाणार आहे. नवी घड्याळे त्या मानाने स्वस्त होतील, शौकीन वाढतील आणि त्यांतले बरेच जण आज ना उद्या जुन्या मालाकडे वळतील. पण चावीच्या घड्याळाला चार-पाच वर्षांनी तेलपाणी लागते. ते करणारे हात कुठे आहेत? माझ्या घड्याळजींच्या मुलाने मोबाइल दुरुस्तीचे दुकान टाकले आहे, आणि त्याचे चुकले असे कोण म्हणेल? केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा अधिकार' म्हणून जे पोर्टल सुरू केले, त्यात शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे घेतली होती. घड्याळ त्यात नव्हते. एचएमटीचे सुटे भाग आज दुसऱ्या मेलेल्या एचएमटीतूनच काढावे लागतात. घड्याळजी एका डबीत ते साठवतात आणि म्हणतात, ''एक जगवायला दोन मारतो, साहेब.'' दुरुस्त करणारा गेला, की चाळीस हजारांचे घड्याळ म्हणजे पट्टा असलेला बिल्ला. गुंतवणूक म्हणून घड्याळ घेणाऱ्या तरुणांनी हा घसारा हिशेबात धरावा. बँक त्यावर तारण कर्ज का देत नाही, याचेही उत्तर त्यातच आहे.

करण्यासारखे फार मोठे नाही. विकणाऱ्याने बिलावर एक ओळ लिहावी: तबकडी मूळची की रंगवलेली. आयटीआयमध्ये घड्याळदुरुस्तीला थोडी जागा मिळावी. म्हातारे घड्याळजी शिकवायला तयार आहेत तोवर. आणि घरातली जुनी वस्तू विकण्यापूर्वी दोन ठिकाणी, ओळख नसलेल्या दोन ठिकाणी, दाखवून घ्यावी. ओळखीच्या माणसावर विसंबू नये, असे मी लिहितो आहे, याचे कारण आता आपल्याला ठाऊक आहे.

मी अजूनही रविवारी जातो. फक्त एक नियम करून घेतला आहे. हातात काही चांगले आले आणि सतरंजीवाल्याला ते काय आहे हे माहीत नाही असे दिसले, की आधी त्याला सांगायचे, मग भाव विचारायचा. या नियमाने आजवर दोन घड्याळे गमावली. एकाने सांगताक्षणी माल उचलून पिशवीत टाकला. दुसरा म्हणाला, ''मग तुम्ही घेताय कशाला, मीच घालतो,'' आणि खरोखरच मनगटाला बांधले. गेल्या महिन्यात तिसऱ्याने, एका म्हाताऱ्या बाईने, सगळे ऐकून घेतले आणि विचारले, ''मग किती देऊ म्हणता?'' मी बाजारातला भाव सांगितला. तिने त्यातले दोनशे स्वतःहून कमी केले.

ते 'कोहिनूर' सध्या घड्याळजींकडे आहे. मागच्या झाकणावर कुणाचे तरी नाव आहे. ते घासू नका म्हणून सांगून आलो आहे.